डबीतली घोरपड

तुम्ही खोटारडे आहात. तुम्ही म्हणजे कोण, ते मालतीबाईला धड माहीत नव्हतं. जीपमधून उतरलेले खाकी कपड्यातले दोघे नव्हेत. ते पगारी, सांगितलं तेवढं करणारे. त्यांच्यावरचा साहेबही नव्हे. त्याच्याही वर, जिथे बसून कोणता जीव वाचवायचा आणि कोणता गाडायचा हे ठरतं, तिथे जो कोणी असेल तो. त्याचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं, पाहायला मिळणारही नव्हतं, आणि म्हणूनच साड्यांचे धागे कापता कापता, भाकरी थापता थापता, नळाला हंडा लावून उभी असताना ती मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होती. तुम्ही खोटारडे आहात. तुम्हाला घोरपडीची माया नाही. माया असती तर. इथे तिचं भांडण दरवेळी अडकायचं, कारण पुढचं वाक्य तिच्या स्वतःच्या देव्हाऱ्यापाशी येऊन उभं राहायचं, आणि तिथून ते ना पुढे जायचं ना मागे फिरायचं.

सुरुवात अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी झाली. सुरतेच्या लिंबायतमधल्या त्या गल्लीत ऊन असं पडलं होतं की पत्रे वाजत होते, आणि पत्र्यांच्या वर, खाली, मागे सगळीकडे लूमची खटखट, जी मालतीबाईला आता ऐकूच येत नसे. लाइट गेली आणि ती थांबली तरच कानात काहीतरी मोडल्यासारखं व्हायचं. ती उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. मांडीवर साडी उलटी पसरलेली. मार्केटातून टेम्पो गठ्ठे टाकून जातो आणि गल्लीतल्या बायका साडीच्या पाठीवरचे सुटे धागे कापून देतात, तेच काम. समोरून बघितलं तर पदरावर मोर, मोराच्या बाजूला मान वळवलेलं हरिण, जरीचं, ऐटबाज. उलटं केलं की नुसता गुंता, कुठे मोर संपतो आणि कुठे हरिण सुरू होतं ते कळत नाही. मालतीबाईचं सगळं आयुष्य त्या उलट्या बाजूला गेलं होतं. मोर नेसणाऱ्या बायका वेगळ्या. तेवढ्यात कमल आली, लोटूची बायको. चपला नाहीत, पदर खांद्यावरून सुटलेला.

"आक्का, त्यासले लई ग्यात."

"कोन?"

"जंगलखातावाला. जीप लई येल व्हतात."

मालतीबाईच्या तोंडून निघून गेलं, "लिंबायतमा कोठे शे जंगल?" आणि कमल त्या अवस्थेतही क्षणभर थांबली, जणू तिलाही तो प्रश्न आत्ताच पडला. लोटू, मालतीबाईचा धाकटा भाऊ, मंदिराच्या दाराशी हातगाडी लावायचा. नाडे, गंडे, रुद्राक्ष, कवड्या, काळ्या बाहुल्या, कापूर, आणि काचेच्या बरणीत शेंदरात बुडवलेल्या हाथाजोड्या, जोडलेल्या हातांसारख्या दिसणाऱ्या पूजेच्या मुळ्या. त्या बरणीसाठीच जीप आली होती आणि लोटूला घेऊन गेली होती. "ती मुळी नही शे म्हणतंस," कमल म्हणाली. "घोरपडनी शे. नरनी." पुढचा शब्द तिने उच्चारला नाही. पदर तोंडाला लावून तिने हाताने खाली, ओटीपोटाकडे, असा काहीसा इशारा केला आणि मान फिरवली. मालतीबाईला तो इशारा कळला. तिचा कटर साडीत तसाच अडकला, मोराच्या मानेपाशी कुठेतरी. आणि ती, लोटूचं काय झालं, त्याला मारलं का, कुठे नेलं, यातलं काहीही विचारायच्या आधी, वळून देव्हाऱ्याकडे बघू लागली. तिथे, बाळकृष्णाच्या डाव्या अंगाला, चांदीची डबी होती.

ती डबी तिच्या घरात तिच्या मुलाच्या, योगेंद्रच्या, आधी आली होती. तेव्हा ती आणि तिचा नवरा सुकलाल खानदेशातून नुकतेच आलेले, उधन्याला एका खोलीत तीन बिऱ्हाडं, आणि मालतीबाईचं पोट दोनदा राहून दोनदा रिकामं झालेलं. दुसऱ्या वेळी तर हातपाय दिसण्याइतकं झालं होतं. सुईणीने फडक्यात गुंडाळून नेलं, पण त्याआधी एक मूठ तिला दिसली होती, मिटलेली, तांबडी. मग गावच्या यात्रेत एका भगव्या कपड्यातल्या माणसाने ती मुळी दिली. विंध्याच्या डोंगरात उगवते, म्हणाला, एकाच झाडाला, आणि बघा, देवानेच हात जोडलेत. खरंच तसं होतं. दोन बारके, सुकलेले, काळपट हात, मनगटापाशी एकत्र आलेले, बोटं आत वळलेली. सुकलालने हसून म्हटलं होतं, "आपल्यापेक्षा हिलाच जास्त गरज दिसतेय कशाची तरी." पण त्यानेच चांदीची डबी आणली. शेंदूर, लवंगा, वेलदोडा, अक्षता. दर अखाजीला डबी उघडायची, जुना शेंदूर काढून नवा घालायचा, तेलाचा थेंब सोडायचा. मुळी तेल पिते, शेंदूर खाते, जिवंत असते, असं तो माणूस म्हणाला होता. आणि पुढच्याच वर्षी योगेंद्र झाला. मालतीबाईने दोन्ही गोष्टींची गाठ बांधून टाकली. कोणी बांधली नसती?

आता त्या गाठीत तिचा भाऊ अडकला होता. पहिले काही दिवस तिने डबीकडे बघितलंच नाही. अखाजी आली आणि गेली, आंब्याचा रस केला नाही, सांजोऱ्या केल्या नाहीत, गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या ती तिने दार लोटून ऐकली. डबी उघडायचा दिवस, आणि ती बंदच. पण बंद डबीत काय आहे हे एकदा कळलं की ती बंद राहत नाही. भात वाढताना, केस विंचरताना, एकाएकी तिच्या तळहाताला ते जाणवायचं, ते कोरडं, खडबडीत, थोडं चिवट; इतकी वर्षं तिने ते अंगठ्याने चोळलं होतं, तेल जिरेपर्यंत, लहान पोराच्या पाठीला चोळावं तसं. मग ती उठून हात धुवायची. आणि हात धुताना तिला पूर आठवायचा. तापीचं पाणी घराघरांत शिरलं होतं त्या श्रावणात देव्हारा बुडाला होता, आणि पाणी ओसरल्यावर तिने डबी उघडली तर आतली मुळी फुगली होती. मऊ झाली होती. वास येत होता. त्या दिवसांत सगळ्या सुरतेला वास येत होता, मेलेल्या म्हशींचा, कुजलेल्या कापडाच्या ताग्यांचा, गटारांचा. त्यात एका डबीचा वास काय वेगळा काढायचा? तिने ती उन्हात वाळवली, दुप्पट लवंगा घातल्या. झाडाची मुळी पाण्यात भिजली तर मातीचा वास येतो. हे तिला, शेतावर वाढलेल्या बाईला, माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? आणि माहीत होतं असं तरी कसं म्हणायचं? तिच्या नाकाला माहीत होतं. तिला नव्हतं.

आणखी मागे गेलं की घोरपडच भेटायची, अख्खी, जिवंत. पांझरेच्या काठचं गाव, वडील उखा बांधावर औत सोडून बसलेले, आणि गावाबाहेरून आलेला एक माणूस खांद्यावर काठीला उलटी टांगलेली घोरपड घेऊन. दोन पोरं हसत मागे. मालती तेव्हा परकरातली. त्या माणसाने घोरपडीचे पुढचे पाय तिच्या पाठीवर वळवून तिच्याच नखांनी एकमेकांत अडकवले होते, दोरी लागली नव्हती, बांधायला तिचेच हात पुरले होते. हात म्हणायचं कारण तसेच दिसत होते ते, पाच बोटं, तळवा, कातडीला सुरकुत्या. पोट धापत होतं. डोळा उघडा, पिवळट, कोणाकडेच न बघणारा. "चामड्यानी दिमडी बनस," कोणीतरी म्हणालं, "मटण कंबरले चांगलं." वडिलांनी तंबाखू थुंकून म्हटलं, "जीव शे तो बी. पटकन मारी टाक," आणि पुन्हा औत धरलं. तिला ते वाक्य तेव्हा निर्दय वाटलं होतं. आता, या वयात, तिला वाटायचं की घोरपडीच्या बाजूने एवढंच एक वाक्य तिने आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलं. त्या जनावराचे पाठीमागे वळवलेले हात आणि डबीतले जोडलेले हात तिच्या डोक्यात एक होऊन गेले, आणि त्यांच्या शेजारी फडक्यातली ती तांबडी मूठ. तिने तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका फाडलेल्या जनावरापाशी पोर मागितलं होतं. ते देव कसला होता? ते ऐकत होतं का? ऐकत असेल तर काय ऐकत असेल?

लोटूला भेटायला ती लाजपोरच्या तुरुंगात गेली. काचेच्या अलीकडून, फोन कानाला लावून. लोटू वाळला होता. लहानपणापासून बोलका, गाडीवर उभा राहिला की गिऱ्हाईक हलू द्यायचा नाही. आता एवढंच म्हणाला, "आक्का, तू जेवनी का?"

"माले इचारू नको. तू सांग. तुले माहीत व्हतं का?"

"मी बरणी विकत ली. व्यापारीनी सांगं मुळी. मी बी सांगं मुळी." तो काचेकडे न बघता बोलला, "गिऱ्हाईकले तुन्हीच गोष्ट सांगू मी."

"मन्ही?"

"मन्ही बहीणना घर शे, तिले पोऱ्या व्हयना, आते पोऱ्या गाडी चालाडस. लोके लगेच लेत." तो कसनुसं हसला. "तू मन्ही जाहिरात व्हतीस."

मालतीबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला, पहिला कान गरम झाला होता म्हणून. तिची ती दोन रिकामी बाळंतपणं, तिची अखाजी, तिची डबी, सगळं मंदिराच्या दाराशी उभं करून विकलं जात होतं आणि तिला पत्ता नव्हता. राग यायला हवा होता. आला नाही. तिला एवढंच वाटलं की त्या बरणीतली प्रत्येक जोडी कोणत्या तरी बाईच्या घरी गेली असेल, अशीच कोणी, पदराआड रडणारी, आणि ती आता डबी उघडून अंगठ्याने तेल चोळत असेल. "ती डबी फेकी दे, आक्का," लोटू म्हणाला. "घरमा ठेवू नको. तुले बी लई जातीन." वेळ संपली, फोन मेला, आणि लोटूने काचेपलीकडून हात जोडले. तिने मान खाली घातली. जोडलेले हात आता तिला बघवत नव्हते.

वकिलाचं म्हणणं बरोबर उलटं. श्रीकांत वकील मूळचे नाशिकचे, उधना दरवाजाकडे त्यांचं ऑफिस, बोलणं शुद्ध, तुटक. ते म्हणाले, "ताई, डबी मुळीच फेकू नका. ती आपला पुरावा आहे. इतक्या वर्षांची जुनी, देवघरातली, शेंदूर लावलेली. कोर्टाला दाखवू की ही साधी माणसं आहेत, यांनी मुळी म्हणून पुजली, मुळी म्हणून विकली." मालतीबाईने विचारलं, लोटूला किती होईल. "तीन वर्षांपासून सातपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायदा कडक केलाय. घोरपड आता पहिल्या वर्गात आहे, वाघाच्या पंगतीला. वाघ मारा नाहीतर घोरपडीचा तुकडा विका, गुन्हा तोच." वाघाच्या पंगतीला, हे ऐकून मालतीबाईला बरं वाटलं, हे तिला स्वतःलाच विचित्र वाटलं. त्या काठीवर टांगलेल्या जनावराला कोणीतरी कुठेतरी पाट मांडला, उशिरा का होईना. मोठ्या लोकांनी बसून ठरवलं की हा जीव आहे. बरोबरच केलं. तेव्हाच करायचं होतं. आणि लगेच तिला वाटलं, ती आपल्या भावाच्या विरुद्ध विचार करतेय. जिन्यातून उतरताना तिची एक पायरी चुकली.

हे सगळं तिने गिळलं असतं. चूक झाली, अज्ञानात झाली, भाऊ भोगतोय, आपण साक्ष द्यावी, डबी कोर्टात ठेवावी, संपलं. ती दमली होती आणि दमलेल्या माणसाला कोणीतरी बरोबर आहे असं वाटणं हाच विसावा असतो. पण त्याच आठवड्यात योगेंद्र दुपारपाळी सोडून लवकर घरी आला. तो इच्छापोरच्या बाजूला डंपर चालवतो, ठेकेदाराकडे. हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला खाडी आहे, खाऱ्या चिखलात चेरची, म्हणजे खारफुटीची, झाडी उभी, भरतीचं पाणी मुळांतून आत-बाहेर करतं. तिथे कुठलंसं नवीन काम, आणि त्यासाठी खाडी मुरूम टाकून भरून काढायची. तो हातपाय धुऊन ताटावर बसला. मालतीबाईने कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. त्याने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"काय रे?"

"काही नाही. आज लई निघाल्या."

"काय निघाल्या?"

"घोरपडी. पाटलाघो म्हणतात ना इथे, त्या. झाडीच्या कडेला मुरूम पडायला लागला की बाहेर येतात. पहिल्यांदा एकेक यायच्या. आज जेसीबीने शेवटची पट्टी घेतली ना, तर इकडून तिकडून, बारक्या, मोठ्या. गरम मुरमावर पळायला जमत नाही त्यांना. सुपरवायझर म्हणतो, चालू राख, चालू राख." त्याने पाणी प्यायलं. "मी ब्रेक मारला एकदा. मागच्याने हॉर्न मारला."

"मग?"

"मग काय. चालू ठेवलं."

मालतीबाई त्याच्या ताटाकडे बघत राहिली. भाकरीचा तुकडा त्याच्या बोटांत तसाच होता. हाच तो मुलगा, डबीने दिलेला. "आणि तुमच्यावर जीप नाही येत?" तिने विचारलं.

योगेंद्र हसला. ते हसणं त्याच्या बापाचं होतं, कारखान्यातून आल्यावरचं. "आई, गेटवर बोर्ड आहे मोठा. हिरवा. त्यावर पक्षी आहे, खेकडा आहे, घोरपडपण आहे बघ. जैवविविधता जपा, लिहिलंय. खाली मंजुरीचा नंबर. सरकारी शिक्का, तीन सिंहांचा. वरून परवानगी आहे, एकदम वरून. इथली झाडी गेली तर दुसरीकडे कुठेतरी तेवढी लावतात म्हणे. हिशोब सारखा."

"दुसरीकडे कुठे?"

"मला काय माहीत. कच्छ, नाहीतर कुठे."

"मग या घोरपडी कच्छला कशा जाणार?"

तो जेवू लागला. तोंडात घास असतानाच म्हणाला, "लोटूमामाने पण मंजुरी काढायला हवी होती." तो विनोद होता. घरात कोणी हसलं नाही, आणि त्यालाही मग ताटातून उठावंसं वाटलं, पण तो उठला नाही. दमलेला माणूस भुकेलाही असतो.

त्यानंतर मालतीबाईचं अडकलेलं वाक्य पुढे सरकलं. माया असती तर तुम्ही खाडीही वाचवली असती. पण ते सरकलं आणि तिला सुटल्यासारखं झालं नाही. उलट आता दोन गोष्टी अंगावर आल्या, कारण लोटू चुकला हे तितकंच खरं राहिलं आणि डबीतलं मांसही मांसच राहिलं. ती धागे कापत बसायची आणि तिच्या डोळ्यांपुढे गरम मुरूम, त्यावर सरपटणारे ते सुरकुतलेले हात, आणि वरून येणारं मातीचं ओझं, तिच्या पोराने कळ दाबली की मागचा भाग वर उचलला जातो आणि सगळं घसरत खाली येतं. तिच्या पोराने. ज्याच्यासाठी एका नराला कुठल्याशा रानात फाडलं होतं, तोच आता भाड्याच्या डंपरवर बसून बाकीच्यांना गाडत होता, आणि त्याला पगार मिळत होता, आणि त्याच्या पगारावर लोटूचा वकील चालत होता. ही गाठ तिने बांधलेली नव्हती. ही तुम्ही बांधलीत. ती पुन्हा 'तुम्ही'शी बोलू लागली, पण आता वेगळ्या आवाजात, शेजारणीशी नळावरून भांडावं तसा आधीचा आवाज आता उरला नव्हता. आम्ही अडाणी, आम्ही मुळी समजून पुजली. तुम्ही तर शिकलेले. तुम्हाला ती मुळी वाटली नव्हती. तुम्हाला ठाऊक होतं ती घोरपड आहे, तिथे राहते, पिल्लं घालते, बोर्डावर चित्र काढण्याइतकं ठाऊक होतं. तरी तुम्ही शिक्का मारलात. मग अज्ञान कोणाचं मोठं, आणि जेल कोणासाठी?

वकिलाला न सांगता, योगेंद्रला न सांगता, एका सकाळी तिने डबी पिशवीत टाकली. देव्हाऱ्यात तिच्या जागी धुळीचा गोल उरला. तिने तो पुसला नाही. रिक्षात बसली तेव्हा शेअर रिक्षावाल्याने विचारलं, "मासी, कहां?" आणि तिने जंगलखात्याच्या ऑफिसचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "साप निकला क्या घर में?" ती म्हणाली, "हां." एवढंच.

ऑफिसात झाडं होती, कुंडीतली. भिंतीवर मोठा वाघ, त्याच्या बाजूला खवल्या मांजर, आणि खाली, कोपऱ्यात, घोरपड. फोटो चांगला होता. डोळा तसाच, पिवळट, पण या घोरपडीचे हात मोकळे होते, खडकावर टेकलेले. मालतीबाई त्या फोटोखालच्या बाकावर बराच वेळ बसली. साहेब आला तेव्हा तिला आश्चर्य वाटलं, कारण तो योगेंद्रपेक्षा लहान दिसत होता, आणि त्याच्या डोळ्यांखाली तसंच काळं होतं जसं पाळीवरून आलेल्या पोरांच्या असतं. "बेसो, मासी," तो म्हणाला. शिपायाला चहा सांगितला. तिने नाव सांगितलं, लोटूचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली, त्याला आठवत होतं. मग तिने डबी काढून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. अखाजीचा नवा शेंदूर घातला नव्हता, जुना वडीसारखा घट्ट झाला होता, आणि त्यात ते दोन हात.

साहेबाने एकदा बघितलं, मग दाराकडे बघितलं. उठून दार लोटून आला. आणि हळू आवाजात, अर्धं गुजराती अर्धं हिंदी, म्हणाला, "मासी, आ बंध करी दो. में कंई जोयुं नथी. घर जाओ, तापी में डाल दो, किसी को बताना मत."

ती बसून राहिली. तिला कळलं की हा माणूस चांगला आहे. डबी पाहिलीच नाही म्हणून तो तिला सोडतोय. हात पुढे करून तो झाकण लावायला गेला, आणि तिने त्याचा हात लागू न देता डबी आपल्याकडे ओढली, उघडीच. "नाही," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, त्याला कळो न कळो. "लिहा. ही माझी आहे. लोटूच्या बरणीच्या किती आधीपासूनची. त्याला धरलं तर मलाही धरा. गुन्हा आहे, मला माहीत आहे आता. मी त्या जनावराकडे पोर मागितलं. लिहा."

"मासी, आपको अंदर करके मुझे क्या मिलेगा?"

"मला सोडून काय मिळणार?"

त्याने कपाळ चोळलं. चहा आला, दोघांसमोर ठेवला गेला. शिपायाने डबीकडे बघितलं आणि गडबडीने बाहेर गेला. तिने आपल्या हिंदीत, तुटक, विचारलं, इच्छापोरकडची खाडी माहीत आहे का. माहीत आहे, तो म्हणाला. तिथे घोरपडी होत्या, माहीत आहे का. त्याने आपला कप पुढे ओढला. माझा मुलगा गाडी चालवतो तिथे, त्याने त्या मुरमाखाली घातल्या, त्याला धराल का. "वो हमारे हाथ में नहीं है, मासी. उसकी मंजूरी ऊपर से है." ऊपर म्हणताना त्याने बोट वर केलं आणि दोघांनीही नकळत वर बघितलं. वर पंखा होता, हळू फिरणारा, पात्यांवर काळी धूळ. मालतीबाईला हसू आलं नाही. तिला फक्त कळलं की हा पोरगाही उलट्या बाजूलाच बसलाय. मोर दुसरीकडे आहे, आणि इथे फक्त धागे आहेत, आणि ते कापायला हा.

"मग वरच्याला विचारा," ती म्हणाली. "माझ्याकडून विचारा. तुमच्याकडे फोन आहे." बाहेर कुठेतरी जीप सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. तिचा चहा निवत होता, त्यावर साय धरत होती. तिला घरी जाऊन पाय पसरायचे होते, साड्यांचा गठ्ठा तसाच पडला होता, लोटूची तारीख जवळ आली होती, आणि वकील रागावणार होते. तिने डबी दोन्ही हातांनी टेबलाच्या मधोमध सरकवली, शेंदूर थोडा सांडला. मग ती साहेबाकडे न बघता, पंख्याकडेही न बघता, त्या सिंहांच्या शिक्क्याकडे बघत बोलली जो त्याच्या टेबलावर पॅडशेजारी आडवा पडला होता, लाकडी मुठीचा, शाईने निळा झालेला, हातात मावेल एवढा.

"ही एक मेलेली आहे, हिच्यासाठी माझा भाऊ आत. त्या जिवंत होत्या, त्यांच्यासाठी कोण आत? मी इथे बसलेय. सांगा."

साहेब शिक्का उचलून खणात ठेवू लागला, आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ठेवू नका. आधी सांगा."